पुरात बुडालेल्या स्प्लेंडरच्या टाकीतला गंज: काढला कसा, वेळ किती लागला, खर्च किती आला

आमच्या आप्पांची हिरो होंडा स्प्लेंडर जून 2000 ची, एमएच-10 म्हणजे सांगली पासिंग. आधी पंधरा वर्षांची आणि मग दर पाच वर्षांनी वाढवलेली नोंदणी जून 2025 ला संपत होती. गाडी मात्र दोन-अडीच वर्षं जिन्याखाली उभी. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आता पाय बरा आहे, मळ्याकडे जायला त्यांना त्यांचीच गाडी हवी होती, आणि मुदतीच्या आत आरटीओत न्यायची तर ती आधी चालायला हवी होती. फेब्रुवारीच्या शेवटी मी हे काम अंगावर घेतलं. बॅटरी, प्लग, ऑइल, टायर ही कामं पटापट झाली. खरा वेळ घेतला तो टाकीने. त्या वेळी मला मराठीत नीट सांगणारं काही सापडलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

या गंजाला पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी 45 फूट धरतात, त्यावरून अंदाज यावा. आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुचाक्या बुडाल्या. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक वाट ठेवलेली असते, तिथूनच पाणी आत जातं. पुरानंतर गॅरेजांसमोर रांगा होत्या. आमच्या गाडीचं इंजिन उघडून धुतलं, टाकी उपडी करून वाळवली आणि गाडी चालू झाली. तेवढं त्या दिवसांत पुष्कळ होतं. पण टाकीच्या खालच्या शिवणीत गाळ आणि ओल राहून गेली, आणि पुढे अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत तिने आपलं काम केलं. टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त, रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतलं पाणी आतून पत्र्यावर धरतं.

2 मार्चला, रविवारी, मेस्त्रींनी गाडी किकवर चालू केली. चौकापर्यंत गेली आणि बंद पडली. पाच मिनिटं थांबलं की परत चालू, परत बंद. स्लो, म्हणजे ॲक्सिलेटर सोडल्यावर जागच्या जागी चालू राहणं, ते तर अजिबात धरत नव्हती. पीयूसी काढायला नेली तर स्लो धरत नाही म्हणून तिथल्या माणसाने माप घेतलंच नाही.

अशा वेळी पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून बघावं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली उतरत नाही, आणि लक्षणं अगदी हीच असतात. झाकण सैल ठेवून गाडी नीट चालली तर दोष झाकणाचा, टाकी सोडवायची गरज नाही. आमच्यात फरक पडला नाही. मग मेस्त्रींनी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली स्टीलची वाटी धरली. पेट्रोलबरोबर तांबूस भुकटी आली आणि वाटीच्या तळाशी बसली. ती मी घरी आणून पांढऱ्या काचेच्या बशीत ओतली आणि बशीखालून चुंबक फिरवला. काही कण चुंबकामागे सरकत गेले, काही जागचे हलले नाहीत. सरकले ते टाकीच्या पत्र्याचे, न हललेल्यांत पुराचा गाळ बराच असणार, असं आप्पा म्हणाले. मलाही ते पटलं.

मेस्त्रींनी कार्बोरेटर साफ करून दिला, पण स्पष्ट सांगितलं, "ताई, टाकी साफ हुईस्तोवर ह्यो परत भरणार. जेटचं भोक केसाएवढं असतंय." जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी.

पर्याय तीन होते. एक, नवीन टाकी. मला अडीच ते चार हजार असे भाव सांगितले गेले, पण दाखवलेल्या टाक्यांचा पत्रा हाताला पातळ लागला, शिवाय आप्पांना मूळचीच हवी होती. दोन, बाथरूम धुवायचं ॲसिड ओतून तासाभरात मोकळं होणं. हे बरेच जण करतात. मेस्त्री स्वतः नको म्हणाले, आणि मी वाचलं तेही तेच सांगत होतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट, आणि शिवणीत त्याचा अंश राहिला तर महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त गंज येतो. तीन, सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. ते सावकाश चालतं, गंजाशी संयोग होऊन त्याला पाण्यात विरघळवतं, आणि चांगल्या पत्र्याला त्या मानाने फार कमी धक्का लावतं.

मळीचाही उपाय आहे, तो आप्पांनी सुचवला. साखर कारखान्यातली मळी पाण्यात कालवून लोखंड त्यात आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवलं की गंज सुटतो, हे खरं आहे. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, ती कारखान्यातून अशी डब्यात भरून आणता येत नाही. तो विचार तिथेच सोडला.

सायट्रिक ॲसिडसाठी मी आधी किराणा दुकानात विचारलं. तिथे शंभर ग्रॅमची पाकिटं होती आणि किलोचा हिशेब महाग पडत होता. मग लक्षात आलं की तासगाव भागातले द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) खाली आणायला हेच वापरतात. कृषी सेवा केंद्रात किलोची पिशवी दोनशेच्या आत मिळाली. दोन किलो घेतलं. ज्यांच्या गावात द्राक्षं किंवा डाळिंब आहे, त्यांनी तिथेच विचारावं.

टाकी काढण्याआधी पेट्रोल उतरवलं. ते मी काचेच्या बरणीत धरलं आणि अंगणात, सावलीत, घरापासून लांब झाकून ठेवलं. सकाळी बरणीत दोन थर झाले होते. वर गढूळ पिवळं पेट्रोल, वास वार्निशचा. तळाला बोटभर जाडीचा दाट थर, त्यात तपकिरी कण तरंगत होते. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की त्याला घेऊन तळाशी उतरतं. पेट्रोल सोडायचा-बंद करायचा कॉक टाकीच्या तळालाच असतो. म्हणजे गाडीला पहिल्यांदा मिळत होतं ते हेच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल असताना उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीवाल्यांनी निदान एकदा असं बरणीत पेट्रोल काढून बघावं. हे पेट्रोल गटारात ओतू नका. आमचं मेस्त्रींनी चेन धुवायला ठेवून घेतलं.

गुढीपाडवा, ईद आणि बँकेचं वर्षअखेरीचं काम यात मार्च गेला. मी बँकेत आहे, त्या दिवसांत मान वर करायला वेळ नसतो. सुट्टी जोडून मिळाली ती 12 ते 14 एप्रिलची: दुसरा शनिवार, रविवार आणि आंबेडकर जयंती. एप्रिलचं ऊन या कामाला फार मोलाचं आहे, ते पुढे कळेलच.

शनिवारी टाकी खाली उतरवली, कॉक सोडवला. कॉकवरची जाळी जवळजवळ बुजलेली होती आणि हात लावताच फाटली. नवीन कॉक सव्वाशे रुपयांचा आणला. ज्या गाड्यांना पेट्रोलचा काटा आहे त्यांच्या टाकीतलं फ्लोटचं युनिटही आधी काढून ठेवा, ॲसिडात ते खराब होतं. टाकीत हातातल्या बॅटरीने (टॉर्चने) बघितलं. मधून फ्रेम जाते म्हणून टाकी आतून दोन कप्प्यांची असते, डावा आणि उजवा, वर जोडलेले. तोंडातून दिसतो तो भाग बरा होता. कप्प्यांच्या तळाला खवले धरले होते. मी मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा शेजाऱ्यांकडून मागून आणला होता, त्यात ते स्पष्ट दिसले. कॅमेरा किंवा बॅटरी घालण्याआधी टाकी रिकामी करून चांगली हवेशीर करा. काडी किंवा लायटर चुकूनही नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा धोक्याची असते.

पहिली पायरी धुण्याची. गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालून टाकी हलवायची, ओतायची, परत. पेट्रोलचा चिकट थर पत्र्यावर राहिला तर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही. बोटाला बुळबुळीत लागेनासं झालं आणि वास गेला, तेव्हा थांबले. मग खवले सैल करायला टाकीत साखळी घातली. लोक खडी किंवा नट-बोल्ट घालतात, पण त्यातला एखादा कोपऱ्यात अडकला की निघत नाही. साखळी एका टोकाला धरून अख्खी बाहेर काढता येते. मी दाराची जुनी कडीसाखळी घेतली, टोकाला सुतळी बांधली, थोडं पाणी घातलं आणि टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून दोन्ही हातांनी हलवत राहिले. हे अंगमेहनतीचं काम आहे, दोघांनी आळीपाळीने करावं. बाहेर आलेलं पाणी विटकरी होतं, त्यात नखाएवढे पापुद्रे. पाणी फिकट होईपर्यंत हलवलं. आप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, प्रत्येक वेळचं पाणी बघून "अजून" म्हणायचे.

संध्याकाळी ॲसिड. दहा लिटर पाण्याला एक किलो हे प्रमाण धरलं. पाणी गरम हवं पण उकळतं नको, हात क्षणभर लावता येईल इतपत. आधी प्लॅस्टिकच्या बादलीत पूर्ण विरघळवायचं, मग टाकीत ओतायचं. टाकीच्या तोंडाभोवती रंगावर व्हॅसलीन चोपडलं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने लावली, कारण हे पाणी ओघळलं तर रंग निस्तेज होतो. कॉकच्या जागी रबरी बूच. टाकी काठोकाठ भरली, नाहीतर वरचा पत्रा कोरडा राहतो. वरचं तोंड मात्र घट्ट बंद करायचं नाही. या क्रियेत हायड्रोजन निघतो, त्याला वाट हवी. फडकं टाकून ठेवलं, आणि टाकी अंगणातच ठेवली. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा.

दहा मिनिटांत बारीक बुडबुडे येऊ लागले. रात्रभर ठेवलं. रविवारी सकाळी पाणी हिरवट काळं झालं होतं आणि तोंडाजवळचा पत्रा करडा, स्वच्छ दिसत होता. कप्प्यांच्या तळाला अजून डाग होते. ते पाणी बादलीत काढून त्यात धुण्याचा सोडा घालून फेस यायचा थांबेपर्यंत शांत केलं, आणि दुसऱ्या किलोचं ताजं पाणी भरलं. दुसऱ्या वेळी पाच-सहा तासच ठेवलं, दर तासाला बॅटरीने बघत. गंज संपल्यावरही ॲसिड तसंच ठेवलं की ते पत्र्याकडे वळतं, तेव्हा "रात्रभर राहू दे" असं दुसऱ्यांदा करू नये.

आता खरी घाईची वेळ. या टप्प्यावर लोकांची सगळी मेहनत वाया जाते, असं मेस्त्रींनी आधीच बजावलं होतं. ॲसिडातून निघालेला उघडा पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत केशरी पडतो. म्हणून सगळं आधी मांडून ठेवलं होतं: दोन बादल्या साधं पाणी, एक बादली खाण्याच्या सोड्याचं पाणी, चुलीवर मोठं पातेलंभर कडकडीत पाणी, आणि वायर ओढून आणलेला हेअर ड्रायर. ॲसिड काढलं, साध्या पाण्याने खळखळून घेतलं, सोड्याचं पाणी घालून सगळीकडून फिरवलं. आत फसफसलं, म्हणजे शिवणीत उरलेलं ॲसिड मारलं जात होतं. मग शेवटचं कडकडीत पाणी. ते धुण्यासाठी कमी आणि पत्रा तापवण्यासाठी जास्त. गरम पत्र्यावरचं पाणी आपोआप उडतं. टाकी उपडी करून झटकली, ड्रायरचं तोंड आत धरलं आणि एप्रिलच्या दोनच्या उन्हात सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली. पंधरा-वीस मिनिटांत आत कोरडं ठाक. तोंडाजवळ हलकी केशरी झाक आली ती फडक्याने पुसून गेली.

वाळली की लगेच पाव लिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवली, म्हणजे पत्र्यावर तेलाचा हात बसतो.

तेव्हाच खालच्या शिवणीशी तेलाचा एक थेंब दिसला. पुसला, परत आला. सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आजवर ते गंजाच्या खवल्यानेच बंद ठेवलं होतं. हे घडू शकतं, त्याची तयारी ठेवा. गंज काढल्याने भोक पडलं असं नाही, ते होतंच आणि आता दिसलं. काही जण यावर आतून इपॉक्सीचा थर देतात. मी दिला नाही. पत्रा तेलकट किंवा दमट असेल तर तो थर काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो आणि कॉकमध्ये अडकतो. जिथे पत्रा चाळणीसारखा झाला आहे तिथेच तो उपाय ठीक, आमचा पत्रा एका जागेपुरता खराब होता.

सोमवारी रेडिएटरला डाग लावणाऱ्यांकडे, म्हणजे कथलाने भोक बुजवणाऱ्यांकडे, गेले. सुट्टी होती, पण दुकान उघडं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेट्रोलचा वास हाय का?" तेलाचा आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतः सोडा आणि गरम पाण्याने टाकी परत धुतली, नाक लावून बघितलं, आणि मग भोक वर येईल अशी तिरकी धरून पाण्याने इतकी भरली की आत वाफेला जागाच राहू नये. भोकाभोवतीचा रंग रुपयाएवढा खरवडला, कानस फिरवली, नवसागराची वडी घासली. तांब्याचा तापलेला खिळा टेकवल्यावर कथील एकदम पसरलं आणि चकाकलं. नंतर तोंड बंद करून हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा आला नाही. दीडशे रुपये घेतले. टाकीला आग लागण्याचे अपघात इथेच होतात, म्हणून न धुता डाग मारून देतो म्हणणाऱ्याकडे टाकी देऊ नका. घरी येऊन परत वाळवली, परत तेल फिरवलं.

त्या आठवड्यात मेस्त्रींनी टाकी बसवली. नवा कॉक, नवा पेट्रोल पाइप, झाकणाचा नवा रबर, आणि पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर. फिल्टर चाळीस रुपयांचा. टाकीतून पेट्रोल नुसतं उताराने येतं, मागे पंप नसतो, म्हणून बारीक कागदी गाळणीचा मोठा फिल्टर न घेता दुचाकीचाच घ्या. पाइप कार्बोरेटरला जोडण्याआधी बाटलीत धार सोडून बघा. धार तुटली नाही तर उतार बरोबर आहे. पहिलं लिटरभर पेट्रोल भावाच्या गाडीतून काढून घातलं, कारण आमच्याकडचे पंप बाटलीत पेट्रोल देत नाहीत. त्या लिटरने टाकी खळखळून ते काढून टाकलं. तेलही त्याच्याबरोबर गेलं. कार्बोरेटर परत एकदा उघडून मेन आणि पायलट, दोन्ही जेट हवेने फुंकले. मजुरी आणि सामान मिळून मेस्त्रींचे साडेआठशे झाले.

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली आणि स्लोवर चालू राहिली. आप्पा काही बोलले नाहीत, ॲक्सिलेटरवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग पंपावर जाऊन टाकी फुल केली.

आता कागदपत्रं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नमुना 25 भरला. तेव्हा, 2025 मध्ये, फी हजार रुपये होती, स्मार्ट कार्डचे दोनशे, आणि जुन्या वाहनाचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी दोन हजार. मुदत उलटली तर दर महिन्याला तीनशे रुपये विलंब शुल्क लागतं, म्हणून तारीख आधीच बघून ठेवा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आमच्या गाडीच्या इंजिनाच्या गटाला तेव्हा 714 रुपये होता आणि वर जीएसटी. पीयूसीत आता सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3.5 टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच आत आला. नवी सुरक्षा नंबरप्लेट मी मार्चमध्येच बुक केली होती, जीएसटीसह 531 रुपये. ती लागेपर्यंत बरेच आठवडे गेले, तेव्हा हे सगळ्यात आधी करा.

तपासणीची तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार आणि चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने उमटवलेला ठसा. चासी नंबरवरचा गंज आणि मळ रॉकेलने आधी पुसून घ्या, तिथे ठसा नीट उमटला नाही की परत पाठवतात. निरीक्षकांनी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, टायर आणि चासी नंबर बघितला, एक चक्कर मारायला सांगितली. आमचं काम दहा मिनिटांत झालं, थांबणं साडेतीन तासांचं. सावली आणि पाणी सोबत ठेवा. कार्ड पोस्टाने जूनच्या मध्यात आलं.

मेच्या शेवटी पाऊस अवकाळीसारखा लवकर आला आणि टिकला. एप्रिलचं ऊन गेलं असतं तर टाकी वाळवणं फार अवघड होतं. पहिल्या महिन्यात फिल्टरच्या तळाशी चार-दोन काळपट कण दिसले, तो बदलला. दुसरा अजून स्वच्छ आहे. आप्पा आता रात्री कॉक बंद करतात आणि टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देत नाहीत. पुढचं बघणं दिवाळीच्या आधी, झाकण उघडून आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून.